रीस्टार्टला घाबरू नका
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला विषय दिला ‘कॉम्प्युटर आणि आपण’. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. त्यातला एकच तुकडा घेतो, जो लिफ्टमध्ये मला सारखा विचारला जातो: ‘‘हे अपडेट करू का? आणि ते सारखं रीस्टार्ट का मागतं?’’

करा. अगदी याच मिनिटाला नको, पण या आठवड्यात नक्की करा.

आपण काय करतो? सूचना आली की ‘नंतर’ दाबतो. आपल्या सभांना हे नवीन नाही! विषय अवघड असला की ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’. पण टाकीच्या दुरुस्तीचा विषय तहकूब झाला म्हणून गळती थांबत नाही.

मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला खंडणी मागायची, असा प्रकार. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिला होता. औषध आलेलं होतं, अनेकांनी घेतलं नव्हतं.

आता रीस्टार्ट कशाला? बँकेतल्या लोकांना हे पटकन कळेल. काउंटर चालू असताना कोणी लेजर बदलत नाही. रोकड जुळवायची, दिवस बंद करायचा, मग नवीन लेजर उघडायचं. कॉम्प्युटर चालू असताना विंडोजच्या काही फायली वापरात असतात, त्या बदलता येत नाहीत. नव्या फायली बाजूला आणून ठेवतात आणि पुन्हा सुरू होताना जागेवर बसवतात.

‘‘मी तर रोज रात्री बंद करतोच की!’’ असं काही जण म्हणतात. इथे एक खोच आहे. विंडोज 8 पासून बहुतेक कॉम्प्युटरवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. नुसतं शट डाउन केलं तर विंडोजचा गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे चांगली सुरुवात हवी तर रीस्टार्टच दाबा. कॉम्प्युटर अडखळत असला तरी पहिला उपाय हाच.

सुरू करण्यापूर्वी उघडी पत्रं-हिशेब सेव्ह करा, लॅपटॉपला चार्जर लावा. पडद्यावर टक्के बराच वेळ हलले नाहीत तरी लगेच बटण दाबून बंद करू नका. चहा करून घ्या, हवं तर दोनदा. मधेच रीस्टार्ट नको असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आहेत, तिथे आपली कामाची वेळ घालून ठेवा.

आता खरी भीतीची गोष्ट. इंटरनेट पाहताना मधेच भोंगा वाजतो, ‘तुमचा कॉम्प्युटर बिघडला, अपडेटसाठी या नंबरवर फोन करा’. तो अपडेट नव्हे, तो चोर. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. खरा अपडेट सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ मध्येच दिसतो. फोनवरच्या गोड माणसाच्या सांगण्यावरून कुठलंही ॲप घेऊ नका. पेन्शनच्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत घरी बसू नका; ताबडतोब 1930 वर कळवा.

शेवटी कमिटीला एक विनंती. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या सर्वांचे फोन नंबर, नॉमिनेशन, थकबाकी आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आपल्या मशीनवर कोणतं विंडोज आहे, ते सचिवांनी पाहून पुढच्या सभेत सांगावं. विंडोजचे मासिक अपडेट अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. त्या गुरुवारी ऑफिस बंद करताना हिशेबाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन मॅनेजरने रीस्टार्ट करावं आणि रजिस्टरमध्ये सही करावी. हा विषय मात्र तहकूब करू नये.