लोकशाही कुणी आणून देतं का?

(घाटकोपर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी चहाच्या वेळी एका तरुणानं मला विचारलं, "सर, हुकूमशाही असलेल्या देशात बाहेरच्या ताकदवान देशानं लोकशाही आणली, तर बिघडलं कुठं?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरासाठी बगदादच्या आधी गोव्याला जाऊ या.

गोवा परका नव्हता, आपलाच होता. पण पोर्तुगीज सत्ता हटवणारं सैन्य गोव्याबाहेरून आलं, हेही खरं. डिसेंबर 1961 मध्ये दोन दिवसांत साडेचारशे वर्षांची राजवट संपली. तेवढ्यानं लोकशाही आली का? नाही. परकी सत्ता गेली, एवढंच. खरी परीक्षा पुढे होती.

1963 ची पहिली निवडणूक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं जिंकली. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला हवा होता. महाराष्ट्राचीही तीच इच्छा होती. तरी विधानसभेत हात वर करून विषय उरकला नाही. "लोकांना थेट विचारा," असा आग्रह गोव्यातूनच झाला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळानं आधी राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170 मतं, विरोधात 1,72,191. गोवेकरांनी आपल्याला 'नको' म्हटलं, आणि ते मानलं गेलं. त्याच वर्षी त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडूनही दिलं!

माझ्या मते कसोटी हीच आहे. जो सोडवायला आला, त्याला लोक 'नाही' म्हणू शकतात का? आणि तो ते ऐकतो का?

आता इराक बघा. 2005 मध्ये तिथं लोकांनी धोका पत्करून मतदान केलं, त्यांच्या हिमतीला सलाम. पण इराकी सैन्य बरखास्त करण्याचा निर्णय 2003 मध्येच अमेरिकी प्रशासकानं घेऊन टाकला होता. इराकी जनतेला कुणी विचारलं नव्हतं. त्याची किंमत मात्र तिनंच मोजली. इराणमध्ये मोसादेक यांच्या सरकारनं तेल आमचं आहे म्हटलं, तर 1953 मध्ये अमेरिका-ब्रिटननं ते सरकारच उलथवलं. कुणी म्हणेल, जर्मनी आणि जपानचं काय? तिथं पक्ष, संसद, निवडणुका यांचा अनुभव युद्धाआधीच होता. बाहेरच्यांनी रोप लावलं नाही, तुटलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटली.

आता आपल्या दारात येऊ. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात पाण्याची तक्रार घेऊन गल्लीतल्या लोकांबरोबर मी एका कार्यालयात तीनदा गेलो. साहेब सभ्यपणे बोलले, अर्ज घेतला. पण आमच्या मताची त्यांना गरज नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. कुठली परकी फौज आली नव्हती, तरी आपला नगरसेवक गायब होता. आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल आवाज उठवला? मीही उशिराच उठवला.

आणखी एक अवघड प्रश्न. आपली सोसायटी, ट्रस्ट, मंडळ यांत शेवटची निवडणूक कधी झाली? तिथं तरुणांना, बहिणींना मत आहे का? अध्यक्षांना 'नाही' म्हणता येतं का?

बाहेरचा माणूस फार तर कुलूप तोडेल. घर आपल्यालाच चालवायचं आहे. आज घरी गेल्यावर मतदार यादीत आपलं नाव तपासा, आणि शेजारच्या खालाजानचंही.