दुरून उघडणारं दार

आम्ही पुंडलिकनगरातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय कॉम्प्युटरचा आहे. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्या गटाचा हिशेब रजिस्टरातून कॉम्प्युटरमध्ये गेला असेल, तर हे तुमच्याच पैशाचं बोलणं आहे.

आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर. बचत, कर्ज, हप्ते, आधारच्या प्रती, सगळं त्यातच. काही बिघडलं की दुरुस्तीवाल्याला दरवेळी यायला नको, म्हणून त्यानं एक सोय करून दिली. दुकानात बसूनच तो इंटरनेटवरून आमचा कॉम्प्युटर उघडायचा. याला रिमोट लॉगिन म्हणतात. सोय चांगलीच. पण पासवर्ड काय ठेवला होता? गटाचं नाव आणि पुढं १२३.

एका सोमवारी कॉम्प्युटर लावला, तर एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर : पैसे भरा, तरच फायली मिळतील. रात्रीतून कुणीतरी पासवर्ड ओळखून आत शिरलं होतं. हिशेब लिहिणाऱ्या आमच्या ताई लाजेनं दोन आठवडे ऑफिसात आल्या नाहीत. खरं तर चूक त्यांची एकटीची नव्हती. तो पासवर्ड आम्हा सगळ्यांनाच माहीत होता. आम्ही तक्रार केली, पैसे भरले नाहीत. घरोघरची पासबुकं गोळा केली आणि एकेक नोंद पुन्हा लिहून काढली.

‘आपल्यासारख्यांकडे चोर कशाला येईल?’ असं आम्हाला वाटायचं. पण हा चोर घर बघून येत नाही. त्याचं मशीन रात्रंदिवस इंटरनेटवर उघडी दारं शोधतं आणि एकामागून एक पासवर्ड लावून बघतं. ते दमत नाही. चार आकडी पासवर्ड फक्त १०,००० प्रकारे होऊ शकतो. मशीनला ते काहीच नाही. मुलाचं नाव, लग्नाची तारीख, गावाचं नाव, हे तर ते आधीच लावून बघतं.

मग आम्ही भिशीची युक्ती केली. दहा जणींनी प्रत्येकी वीस साधे शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले : परात, बाभूळ, चाळण, असे. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. एक काढायची, शब्द लिहून घ्यायचा, चिठ्ठी परत डब्यात. असं पाच वेळा. दोनशे शब्दांतून असे पाच शब्द ३२,००० कोटी प्रकारे निघू शकतात. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की झाला पासवर्ड. लक्षात ठेवायलाही सोपा. आत्ता सांगितलेले शब्द मात्र घेऊ नका, ते सगळ्यांनी ऐकलेत!

बाकीचे नियमही ठरवले. जी कॉम्प्युटर वापरते तिचं खातं आणि पासवर्ड वेगळा. पासवर्ड कागदावर लिहिलाच, तर तो कुलपाच्या कपाटात, पडद्याला चिकटवायचा नाही. पाच वेळा चुकला की खातं काही वेळ बंद. मोबाईलवर येणारा दुसरा कोडही लागतो. दुरुस्तीचं काम झालं की रिमोट लॉगिन बंद. आणि दर शनिवारी हिशेबाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायची. प्रत झाली की ती डिस्क काढून ठेवायची.

मोबाईललाही हेच लागू. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, त्यातला नंबर सांगा’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. तो नंबर सांगणं म्हणजे मोबाईल दुसऱ्याच्या हातात देणं. तिथं कितीही भक्कम पासवर्ड उपयोगाचा नाही. पैसे गेलेच, तर रडत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आमच्या ताई आता परत हिशेब लिहितात. चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्याच टेबलावर असतो. येत्या बैठकीत तुम्हीही एक डबा ठेवा. नमस्कार.