निवड पाल्याची, सोबत पालकांची

बारावीचा निकाल हाती आल्यावरही पुढे काय शिकायचे या प्रश्नाला जो मुलगा किंवा जी मुलगी निरुत्तर होते, त्यांच्या मौनामागे बहुधा चुकीच्या निर्णयाचे भय असते, आणि ते भय माहितीने व सहवासाने हळूहळू ओसरते.

म्हणून त्यांच्यासह एखाद्या महाविद्यालयात जावे, तेथील विद्यार्थ्यांशी त्यांनाच बोलू द्यावे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या वाटेवर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र वा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुन्हा परतण्याची मुभा ठेवली आहे, हेही आवर्जून सांगावे.

अभियांत्रिकीसारख्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत गुणवत्तेनुसार प्रत्येकाचा पसंतीक्रम वरून खाली तपासला जातो. तेव्हा मनापासून हवे असलेले महाविद्यालय, मिळणे कठीण वाटले तरी, अग्रस्थानीच लिहावे.

तहसील कचेरीतून उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, तसेच लागू असल्यास जात पडताळणी समितीचे जातवैधता प्रमाणपत्र, यांची तजवीज पालकांनी मुदतीपूर्वीच करावी. मात्र अर्जातील पसंती पाल्याच्या हातानेच नोंदवली जावी, कारण स्वतः केलेली निवड निभावण्याचे बळ मनुष्याला त्या निवडीतूनच लाभते.