पाऊण तासाचे बोलणे



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत ‘प्रौढांचे मानसोपचार’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. पण ज्या कामाबद्दल आम्हांला बोलावयाचे आहे, त्याचे बाह्य स्वरूप अगदी साधे असते. एक खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ आणि पाऊण तास बोलणे. नाडी पाहणे नाही, सुई नाही, औषधाची बाटली नाही. मग एखाद्या व्यवहारी गृहस्थाला प्रश्न पडतोच की, नुसत्या बोलण्याचे पैसे कसले घेता? बोलायला आमच्या घरी आणि कट्ट्यावर माणसे काय थोडी आहेत? हा प्रश्न आम्हांला रास्त वाटतो, आणि आजचे व्याख्यान त्याच्याच उत्तरासाठी आहे.

या कामाला मराठीत ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ झाला आहे. तो आता बदलेल असे वाटत नाही, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे खरा. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. त्यामुळे येणारा माणूस उपदेश ऐकण्याच्या तयारीने येतो, आणि त्याला घेऊन येणारे नातेवाईक तर ‘याला चार समजुतीच्या गोष्टी सांगा’ असे दारातच बजावतात. वास्तविक त्या चार गोष्टी त्याला चारशे वेळा सांगून झालेल्या असतात. ‘विचार करू नकोस’, ‘मन रमव’, ‘तुला कमी काय आहे?’ एवढ्याने गुण यावयाचा असता तर तो आमच्या दारी आलाच नसता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात सल्ला देण्याच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले आहे. ज्याचे मन स्वतंत्र असते तो सल्ला झिडकारतो, आणि जो परावलंबी असतो तो सल्ल्याने अधिकच परावलंबी होतो, असा त्यांचा मुद्दा होता. इतक्या वर्षांनीही आम्हांला तो खोडता आलेला नाही.

मग त्या पाऊण तासात होते काय? एक उदाहरण घेऊ. यातील व्यक्ती कोणी एक नव्हे. पुष्कळांची मिळून ती आम्ही बनविली आहे, तेव्हा श्रोत्यांनी शेजारच्या आळीत तिचा शोध घेऊ नये.

एक शिक्षक आहेत. रोज एस. टी.ने शेजारच्या गावी जातात. एके सकाळी गच्च भरलेल्या गाडीत त्यांची छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, घाम फुटला, आणि आता आपण मरणार अशी खात्रीच झाली. दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख निर्दोष आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झाले. तेव्हा त्यांनी एस. टी. सोडली. मग बाजारची गर्दी सोडली, मग लग्नकार्ये सोडली, आणि अखेर पत्नी बरोबर असल्याखेरीज ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाईनात. मुख्याध्यापकाची जागा चालून आली होती, तीही प्रवास नको म्हणून त्यांनी नाकारली.

पहिल्या भेटीत आम्ही मुख्यतः विचारतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, चहा किती, दारू किती, थायरॉइडची तपासणी झाली आहे का; कारण मनाच्या नावावर खपणारी काही दुखणी शरीराची असतात. जीव द्यावा असे मनात येते का, हेही सरळ विचारतो. असे विचारल्याने नसलेला विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो.

तिसऱ्या भेटीत, वेळ संपल्यावर, चपला पायात सरकवता सरकवता गुरुजी म्हणाले, “आमचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षीच गेले. हृदयविकार. मला यंदा सेहेचाळिसावे लागले.” महत्त्वाची गोष्ट अशी उंबरठ्यावरच का निघते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पडलेले कोडे आहे. आमची समजूत अशी की, तेथून लगेच निघून जाता येते म्हणून.

आता कट्ट्यावरच्या मित्राने येथे काय केले असते? ‘छे, तुम्हांला काय होतंय!’ म्हणून पाठीवर थाप मारली असती. आम्ही ते करत नाही. भीतीचे गणित कसे चालते ते त्यांच्यापुढे मांडतो. भीतीने श्वास जलद होतो. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मुंग्या आणि चक्कर येते. आणि ती चक्कर हाच मरणाचा पुरावा समजून भीती दुप्पट होते. मग माणूस गाडीतून उतरतो. उतरताच जे हायसे वाटते, तेच सारे बिघडवते. कारण मन धडा घेते की, उतरलो म्हणून वाचलो. न उतरताही आपण वाचलो असतो, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

ही संधी पायरीपायरीने द्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात भयाच्या अशा चढत्या पायऱ्या लावण्याची रीत मांडली. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. गुरुजींना आम्ही आधी खोलीतच मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यावयास लावतो (हृदयाची तपासणी झालेली असल्यामुळेच हे करता येते), आणि त्याच मुंग्या, तीच चक्कर येते व निघून जाते हे दाखवतो. मग स्थानकातल्या उभ्या गाडीत बसणे. मग पत्नीसह एक थांबा. मग एकट्याने एक थांबा. भीती चढली तरी ती ओसरेपर्यंत उतरावयाचे नाही. शेवटी खिशातली ती ‘वेळ पडली तर’ म्हणून ठेवलेली गोळीही घरी ठेवून जावयाचे. ही पायरी सर्वांत अवघड. गोळी कधी घेतलेली नसते. पण सारा धीर तिच्यावर टांगलेला असतो.

खरे काम आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत, एस. टी.च्या बाकावर होते. पाऊण तास हा त्याची तयारी आणि हिशेब यांपुरता. आणि ‘वडिलांसारखाच मी जाणार’ हे वाक्यही तेथे टेबलावर ठेवून तपासले जाते. फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात, खिन्न रुग्णांचे विचार असे त्यांच्याबरोबर बसून पुराव्याने तपासण्याची पद्धत घडविली. आम्ही ‘हा विचार खोटा’ असे म्हणत नाही. त्यांनाच विचारतो की, याच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय आहे?

सगळेच असे सुटसुटीत नसते. तरुण मुलगा गेलेल्या आईला कोणत्या पायऱ्या द्यावयाच्या? तेथे महिनोन्‌महिने ऐकणे हेच काम असते. घरचे ऐकेनासे झालेले असतात, कारण त्यांचेही तेच दुःख असते. भास होत असतील, वेडाचे झटके येत असतील, तर केवळ बोलण्यावर विसंबणे धोक्याचे; तेथे मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे हवीतच. तीव्र खिन्नतेत औषध आणि बोलणे दोन्ही मिळून पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. आणि काहींना आमच्याकडून गुण येत नाही, हेही सांगावयास हवे. आठदहा भेटींत काहीच हलले नाही, तर दुसरीकडे पाठविणे हा आमचा कमीपणा नव्हे.

आपल्या गावात सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. जिना चढताना कोणी पाहिले तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराविषयी आणि उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा तो बाजूला ठेवता येतो, आणि हे पहिल्याच भेटीत आम्ही सांगतो. पण कायदा जिन्यावर पडदा लावीत नाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी शासनाची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तेथे फुकट बोलता येते.

घरच्यांना एक विनंती. माणूस परत आला की ‘काय म्हणाले?’ म्हणून उंबऱ्यातच गाठू नका. सांगावेसे वाटले तर तो सांगेल.

गुरुजींच्या भेटी आधी आठवड्याला होत्या, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. शेवटच्या भेटीला ते अर्धा तास उशिरा आले. गाडी वाटेत बंद पडली होती.