एकाच दिवशी दोन कौल

श्रोतेहो, 20 नोव्हेंबर 2024 रोजी नांदेडच्या मतदारानं एकाच केंद्रावर दोनदा बटण दाबलं: एकदा विधानसभेसाठी, एकदा लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीकडे गेल्या, आणि लोकसभा मात्र काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी 1,457 मतांनी राखली. गठ्ठा मतांचं पारावरचं गणित इथं अपुरं पडतं.

2011च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूरमध्ये अनुसूचित जाती साधारण पाचवा हिस्सा, तर मुस्लिम समाज 14-15 टक्के. जोडीला मराठा, लिंगायत, धनगर, बंजारा; देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी घरं. एकट्या समाजाच्या बळावर इथं खासदार होता येत नाही. मोट बांधावीच लागते, आणि ती सुटली की निकाल फिरतो. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना दीड लाखांहून अधिक मतं पडली. काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे 40 हजारांनी हरले.

लातूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातीसाठी राखीव. उमेदवार त्या प्रवर्गातला, कौल मात्र सगळ्यांचा. 2019 मध्ये भाजप तिथं पावणेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकला. 2024 मध्ये काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे 61 हजारांनी. पाच वर्षांत लोकसंख्येची घडण फारशी बदलली नव्हती. बदलले होते प्रश्न: मराठा आरक्षण, सोयाबीनचा भाव, संविधानाची चर्चा.

श्रोतेहो, निवडणूक आयोग केंद्रनिहाय मतांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. म्हणून जातीवरून निकाल सांगणाऱ्यावर विसंबण्याआधी आपल्या गावचे आकडे जरूर पाहा.