मार्चची सर आणि कॉफीचा बहर

मार्चमध्ये आभाळ भरून आलं की रत्नागिरीतल्या आंबा बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. कॉफीचे मळेवाले मात्र त्याच सरींकडे डोळे लावून बसतात. हे झाड मूळचं इथिओपियाचं. महाराष्ट्रात ते भेटतं मेळघाटात, सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला. इंग्रजांच्या काळात ते तिथे आलं.

हिवाळ्यात फांद्यांवर कळ्या धरतात आणि पाण्याच्या ताणामुळे तशाच थांबून राहतात. एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा! वास जाईसारखा. फुलं टिकतात जेमतेम दोन-तीन दिवस. अरेबिका जातीत स्वपरागीभवन होतं, पण रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. त्यामुळे ऐन फुलोऱ्यात पुन्हा पावसानं झोडपलं तर फळधारणा घटते. इथे मात्र त्यांचं आणि आंबा बागायतदारांचं दुखणं एकच.

फळ आधी टाचणीच्या डोक्याएवढंच राहतं, मग पावसाळ्यात फुगतं. अरेबिका आठ-नऊ महिन्यांत पिकून लाल होते, रोबस्टा दहा-अकरा. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणीचे फेरे हातानंच घ्यावे लागतात.