नववीनंतर ती मैदानावर का दिसत नाही?

(होटगी येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

 

आपल्या होटगी जंक्शनवरून एक गाडी वाडीकडे जाते, दुसरी विजापूरकडे. मुलं नववीत गेली की आपल्या घरांतही असाच फाटा येतो. मुलगा क्लासला जातो आणि मुलगी मैदानावरून कायमची घरी येते.

आज मुंबईच्या ऐश्वर्या मिश्राबद्दल बोलतो. तिची शर्यत 400 मीटरची, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी. 2022 मध्ये कोझिकोडच्या फेडरेशन कपमध्ये ती 51.18 सेकंदांत धावली. 2023 मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिला 53.07 सेकंदांत कांस्य मिळालं आणि मिश्र रिलेत सुवर्ण. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई खेळांत महिलांच्या 4 बाय 400 रिलेचं रौप्य आलं.

यातले दोन आकडे पुन्हा बघा. बँकॉकला ती स्वतःच्या वेळेपेक्षा जवळपास दोन सेकंद मागे होती, तरी पदक मिळालं. कारण ती टिकून होती. धावपटू एका दिवसात घडत नाही. वर्षानुवर्षं रोज मैदानावर यावं लागतं.

आपल्याकडे दोन सवाल हमखास येतात. पहिला कपड्यांचा. बहरीनच्या रुकय्या अल घसरानं 2006 मध्ये दोहाच्या आशियाई खेळांत डोकं आणि अंग झाकून 200 मीटरचं सुवर्ण जिंकलं. दुसरा सवाल दीनचा. रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयशा (र.) यांच्या धावण्याच्या शर्यतीची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पहिल्या शर्यतीत हजरत आयशा जिंकल्या होत्या.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण शाळेत 200 मीटरला पहिली यायची. नववीनंतर तिचं धावणं थांबलं. घरात कुणी ‘नको’ म्हटलं नव्हतं. पण संध्याकाळी तिच्यासोबत मैदानावर कोण थांबणार, हे कुणी विचारलं नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या क्लासची फी भरली गेली, तिचे स्पाइक्स राहिले. मी रोज तासभर थांबू शकलो असतो. थांबलो नाही.

म्हणून भावांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: संध्याकाळचा एक तास द्या. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, तालुक्यापासून राज्यापर्यंत. क्रीडा शिक्षकांकडे बहिणीचं नाव द्या. अब्बांना सांगा, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे.

पदक येईल की नाही, ते अल्लाह जाणे. पण तिला दहावीतही धावता यावं, एवढं आपल्या हातात आहे.